बेल वाजवून निघावं

एकवीस सालच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-ऑगस्टात, कोविडमुळे मेलबर्न पुन्हा बंद झालं आणि आमच्या मराठी मंडळाने दर शनिवारी सकाळी मुलांसाठी ऑनलाइन गोष्टीचा तास सुरू केला. तो तास माझ्याकडे आला. अशी कामं माझ्याकडेच येतात. मी कामाचे तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याला माणूस लावते आणि त्या माणसाला आदल्या दिवशी आठवण करते. गणपतीच्या जेवणाला बटाटे किती आणायचे, हॉलच्या किल्ल्या कोणाकडे, उरलेलं जेवण कोण नेणार, हे सगळं मला विचारतात. मला ते आवडतं. कोणी ‘तुझ्याशिवाय कसं झालं असतं’ म्हटलं की मी ‘छे, त्यात काय’ म्हणते, आणि दिवसभर खूश असते.

गोष्टींचे विषयही मीच आधी ठरवून टाकले होते. एका शनिवारी खरं बोलणं, एका शनिवारी वाटून खाणं, एकदा रागावर ताबा. ऑगस्टमधल्या एका शनिवारचा विषय होता, अडचण आली की पळून जाऊ नये, तिला सामोरं जावं.

गोष्ट मी स्वतःच लिहिली. इथे वाढणाऱ्या मुलांना कोल्हा आणि करकोचा कुठून कळणार, म्हणून मी त्यांच्या ओळखीचे प्राणी घेतले. एक छोटा वॉलबी, म्हणजे कांगारूचा धाकटा भाऊ. आणि एक टिटवी. ही टिटवी आमच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात प्रत्येक शाळेच्या मैदानावर असते, गवतात उघड्यावर अंडी घालते आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेते. मुलं तिला चांगली ओळखून असतात. तर वॉलबी उड्या मारण्याच्या नादात टिटवीच्या घरट्यावर पडतो. घाबरतो. पळतो. झाडीत लपतो, ओढ्याकाठी लपतो, पण जिथे जाईल तिथे त्याला टिटवीचं ओरडणं ऐकू येतं. शेवटी तो परत जातो, माफी मागतो. पाहतो तर अंडी शाबूत, फक्त काड्या विस्कटलेल्या. दोघं मिळून घरटं नीट करतात. मी गोष्ट दोनदा वाचली, वेळ लावून पाहिली आणि समाधानाने झोपले.

त्या गोष्टीत माझं स्वतःचं काही आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि त्याच वेळी मी एका मैत्रिणीपासून कित्येक आठवडे पळत होते.

ही मैत्रीण माझ्याहून थोडी लहान. आम्ही एकाच वर्षी पुण्याहून आलो आणि दोघींनी एकाच शाळेच्या झोनसाठी, म्हणजे तिच्या प्रवेशाच्या हद्दीत, जीव टाकून घरं शोधली. तिचं घर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. माझी मुलगी आता युनिव्हर्सिटीत आहे, तिची आठ वर्षांची. माझी जुनी पुस्तकं, सायकल, शाळेचे स्वेटर सगळं तिच्याकडे गेलं. आणि माझा सल्लाही. कुठला डेंटिस्ट, कुठली गाडी, बॉसला ईमेलमध्ये काय लिहायचं. ती विचारायची, मी सांगायचे, ती करायची.

त्या एप्रिलमध्ये तिची आई साताऱ्याला आजारी पडली. मेलबर्नमध्ये तेव्हा सगळं उघडं होतं. ती माझ्याकडे आली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, “मी जाऊ का गं?”

त्या काळी देशाबाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागायची. मिळाली असती, आईचं आजारपण हे कारण चालत होतं. पण भारतात रोज परिस्थिती बिघडत होती. मी कागद ओढला आणि दोन रकाने पाडले. एका बाजूला विमानं बंद होण्याची शक्यता, परत येता न येण्याची शक्यता, मुलीची शाळा, नोकरी, तिला स्वतःलाच लागण. रकाना भरून खालपर्यंत गेला. दुसऱ्या बाजूला एकच ओळ होती, आईची भेट.

“आत्ता भावनेच्या भरात काही ठरवू नकोस,” मी म्हणाले. “तुझा भाऊ आहे ना तिथे. मे महिन्यात बघू.”

ती त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तू म्हणतेस तर.”

काही दिवसांनी इथल्या सरकारने भारतातून येणारी सगळी विमानं थांबवली. बातमी वाचल्या वाचल्या मी तिला मेसेज केला, “बघ, म्हटलं होतं ना. अडकली असतीस.”

ते वाक्य मी किती हलक्या मनाने लिहिलं होतं हे मला आठवतं. चहा उकळत होता आणि माझा अंदाज बरोबर आला होता.

तिचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर तिच्या नवऱ्याने कळवलं की तिची आई गेली.

आपल्याकडे कोणी गेलं की शेजारीपाजारी दोन गोष्टी करतात. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भात नेऊन देतात. आणि जाऊन बसतात. न विचारता, न कळवता जातात, चटईवर बसतात, आणि थोड्या वेळाने कोणीतरी विचारतं, कसं झालं? मग घरातलं माणूस पहिल्यापासून सांगतं. दुसरं कोणी आलं की पुन्हा पहिल्यापासून. माझे वडील गेले तेव्हा आईने तीच हकीकत आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगितली होती. मला तेव्हा वाटलं होतं, किती तो त्रास तिला.

यातली पहिली गोष्ट मी उत्तम पार पाडली. बातमी आल्याच्या दिवशीच डब्यांची पाळी लावली. सोमवारी कोण, मंगळवारी कोण, लसूण-कांदा नको, डबे परत मागू नयेत. आणि शेवटी लिहिलं, “घरातले सगळे दुःखात आहेत, त्यांना बोलायला लावून त्रास देऊ नये. डबा दाराशी ठेवून, बेल वाजवून निघावं. थांबू नये.”

सगळ्यांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या. दोघातिघांनी लिहिलं, किती छान विचार केलास.

दुसरी गोष्ट मी केली नाही. पहिल्या आठवड्यात मला सर्दी झाली, टेस्ट केली, रिपोर्ट येईपर्यंत घरात बसले. रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा ऑफिसात क्वार्टरचं शेवटचं काम निघालं. फोन करायला घेतला की वाटायचं, आत्ता ती मुलीला आणायला गेली असेल, आत्ता जेवत असेल, आत्ता भावाशी बोलत असेल. मी दोनचार मेसेज पाठवले. ‘काही लागलं तर सांग.’ ती ‘हो’ लिहायची. मग महिन्याभराने लॉकडाउन लागला. प्रीमियरचं, म्हणजे इथल्या मुख्यमंत्र्यांचं, भाषण टीव्हीवर चालू असताना मला काय वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला हायसं वाटलं. आता जाताच येणार नव्हतं.

डब्यांची पाळी इतरांची संपली तरी माझी मंगळवारची मी चालू ठेवली. सांगता आलं असतं की मैत्रीण म्हणून. गाडी तिच्या दारापासून थोडी पुढे लावायची, इंजिन चालू ठेवायचं, डबा ठेवायचा, बेल दाबायची आणि दार उघडायच्या आत गाडीत येऊन बसायचं. चालत जाण्याचं अंतर होतं, तरी मी गाडी न्यायचे.

तर तो ऑगस्टचा शनिवार. मुलं आपापल्या चौकटीत येऊन बसली. कोणी पायजम्यात, कोणी टोस्ट खात, एकाच्या मांडीवर मांजर. मी मराठीत बोलायचे, ती इंग्लिशमध्ये किंवा अर्धं-अर्धं उत्तर द्यायची, असं आमचं चालायचं. वॉलबीने उडी मारली, घरट्यावर पडला आणि पळाला, इथपर्यंत गोष्ट आली.

“मग वॉलबीने काय चूक केली?” मी विचारलं.

“इट वॉज अ हिट अँड रन!” मांजरवाला मुलगा ओरडला. सगळे हसले. मलाही हसू आलं.

“पोलीस आले का?”

“मॅगपाय पोलीस!” कोणीतरी डोक्यावर झेपावणारा इथला काळापांढरा पक्षी सुचवला.

“शांत, शांत. एकेकाने. पळून गेल्यावर वॉलबीला बरं वाटलं असेल का?”

मैत्रिणीच्या मुलीने हात वर केला. ती वरच्या ओळीत होती, वेण्या घातलेल्या, मागे पलंगावर टेडींची रांग. “मावशी, अंडं फुटलं का?”

“ते पुढे येतं, बाळा. आधी तो परत जातो का ते बघू.”

“पण फुटलं असेल तर? देन वॉट डझ ही से? सॉरी म्हणून अंडं फिक्स नाही होत.”

“परत जाणं महत्त्वाचं असतं,” मी म्हणाले. “जे चांगले आणि शूर असतात ते पळत नाहीत.”

तिने जरा विचार केला. “पण तू पळतेस ना.”

“मी?”

“ट्यूज्डेला. तू बेल वाजवतेस अँड देन यू रन टू युअर कार. मी वरच्या विंडोमधून बघते.” तिच्या आवाजात कुठलीही तक्रार नव्हती. ती उत्तर येत असलेल्या मुलासारखी भराभर सांगत होती. “आणि ममा म्हणते, थांब, दार उघडू नको. मावशीला जाऊ दे आधी.”

कोणीतरी खिदळलं. मग चौकटीच्या कडेने एक हात आला. मी तो लगेच ओळखला, अंगठ्याजवळ कुकरच्या वाफेने भाजल्याचा जुना डाग होता. हाताने म्यूटचं बटण दाबलं. मुलीचे ओठ हलत राहिले, आवाज बंद झाला. मैत्रीण त्या खोलीतच बसलेली होती. तिची आई गेल्यापासून मी तिला पाहिलं होतं ते एवढंच, मनगटापर्यंत.

मुलं माझ्याकडे बघत होती. मोठी माणसं गप्प झाली की मुलांना लगेच कळतं.

मी म्हणाले, “अरे, माझं नेट... ऐकू येतंय का? नेट जातंय वाटतं,” आणि मीटिंगमधून बाहेर पडले.

नेट गेलं नव्हतं. मी स्वतः बटण दाबलं होतं, गोष्ट अर्धी टाकून. वॉलबी निदान घाबरून पळाला होता. मी खोटं बोलून पळाले, तेही शौर्यावरच्या धड्याच्या मध्यात.

माझी मुलगी शेजारच्या खोलीतून बाहेर आली. कानात हेडफोन, हातात सीरियलचा बाउल. “नेट गेलं? माझं लेक्चर तर नीट चाललंय.”

“माझ्या लॅपटॉपला काहीतरी झालं.”

तिने वाकून स्क्रीनकडे पाहिलं. “आई, तू होस्ट आहेस. होस्टच पळाला?”

“पळाला काय पळाला. बोलायची पद्धत आहे का ही?”

“चिल, जोक होता.” मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं, कारण ती बाउल ठेवून माझ्या बाजूला बसली. “काय झालं?”

मी आधी ग्रुपवर मेसेज टाकला, “तांत्रिक अडचणीमुळे आजचा तास अर्धवट राहिला, क्षमस्व. उरलेली गोष्ट पुढच्या शनिवारी.” कोणीतरी लगेच लिहिलं, “नो वरीज! आमचा विचारतोय वॉलबीला जेल होणार का.” मैत्रिणीने अंगठा दाखवला. तो अंगठा मी बराच वेळ बघत होते.

मग मुलीला सांगितलं. सगळं नाही. विंडोचं सांगितलं, मेसेजचं सांगितलं नाही.

“म्हणजे तू तिला एकदाही भेटली नाहीस?” ती म्हणाली. “आजोबा गेले तेव्हा तर आजीच्या घरी ट्रेन स्टेशनएवढी गर्दी होती.”

“लॉकडाउन आहे गं.”

“एका माणसाबरोबर वॉक अलाउड आहे. तूच ग्रुपवर टाकलंस, बुलेट पॉइंट करून.”

ते खरं होतं. प्रत्येक नव्या नियमाचं मराठी भाषांतर मीच टाकत असे. व्यायामासाठी घराबाहेर पडता येईल, घराबाहेरच्या एका व्यक्तीबरोबर चालता येईल, मास्क आवश्यक. मी ते इतक्या वेळा लिहिलं होतं की पाठ होतं.

दुपारी मी फ्रीज साफ केला. मसाल्यांचे डबे पुसले. मग बसून काय बोलायचं त्याचे मुद्दे काढले. त्या वेळी उपलब्ध असलेली माहिती, विमानांची स्थिती, माझा हेतू. कागद वाचला तेव्हा तो ऑफिसातल्या चुकीच्या खुलाशासारखा वाटला. तरी तो मी खिशात घातला. मेसेज केला, “चालायला येशील?”

ती लिहीत असल्याची खूण आली, गेली, पुन्हा आली. मग उत्तर आलं, “उद्या चार वाजता. शाळेच्या ओव्हलपाशी.”

ओव्हल म्हणजे शाळेचं क्रिकेट-फुटबॉलचं लंबगोल मैदान. ती कुंपणाशी उभी होती. केस घरीच कापलेले दिसत होते, एका बाजूला जास्त. मास्कवरून फक्त डोळे दिसत होते आणि त्यांवरून मला काहीच कळत नव्हतं. गळाभेट घ्यायची नाही असा नियम होता आणि या वेळी मी त्या नियमामागे लपले नाही, मला खरंच हात पुढे करायचा धीर झाला नाही. आम्ही मैदानाभोवती चालायला लागलो.

“तिला मी रागावले,” ती म्हणाली. “असं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं.”

“खरं तेच बोलली.”

“ते आहेच. पण तरी.”

थोडं अंतर गेल्यावर मी सुरुवात केली. “मला तुला सांगायचं होतं, एप्रिलमध्ये त्या वेळी जी काही माहिती होती, त्यावरून मी—”

“ते नको.”

“नाही, ऐक तरी, विमानं खरंच—”

“अगं, ते नको ना,” ती थांबून म्हणाली. “तुझी सगळी कारणं मला माहीत आहेत. तो रकाना मी वाचला होता. बरोबर होता तो. मी गेले असते तर अडकलेच असते, कदाचित महिनोन् महिने. पण आईची भेट झाली असती. ती ओळ पण बरोबर होती.”

मी म्हणाले, “तो मेसेज मी पाठवायला नको होता.”

“कुठला, अडकली असतीसवाला?” ती पुन्हा चालायला लागली. “भावाला तेव्हा पीपीई किट घालून आत सोडलं होतं. त्याने फोन आईसमोर धरला होता, व्हिडिओवर. मी तिला हाका मारत होते. आणि वरून तुझा मेसेज आला. स्क्रीनवर वर पट्टी येते ना? बरोबर आईच्या तोंडावर आली. ‘बघ, म्हटलं होतं ना.’ मला ती पट्टी बाजूला पण सारता येईना. मग आपोआप गेली.”

या इतक्या आठवड्यांत मी त्या मेसेजचा शेकडो वेळा विचार केला होता. ती तो कधी वाचत असेल, कुठे वाचत असेल, हा विचार मात्र एकदाही केला नव्हता.

“मला माहीत नव्हतं,” मी म्हणाले. हे बोलून काही उपयोग नव्हता.

“कसं माहीत असणार? तू विचारलंस कधी?”

मैदानाच्या पलीकडे एक बाई कुत्र्याला चेंडू टाकत होती. कुत्रा चेंडू आणायचा आणि तिला द्यायचा नाही. आम्ही दोघी तिकडे बघत राहिलो.

“खरं सांगू?” ती म्हणाली. “त्या मेसेजचा राग आला, तो गेलाही. विमानांचाही गेला. एक राग नाही गेला. तू आली नाहीस, ते एक. पण तू कोणालाच येऊ दिलं नाहीस.”

“मी?”

“थांबू नये, असं लिहिलंस ना? तुझं सगळे ऐकतात. पहिले तीन-चार आठवडे तर लॉकडाउन पण नव्हता. मी दाराच्या आत उभी राहायचे. पावलं यायची, बेल वाजायची, पावलं जायची. एकदा मी मुद्दाम पटकन दार उघडलं, तर आपला तो पाठकबाई डान्स करणारा...” ती अचानक हसली. मंडळाच्या गॅदरिंगमध्ये साडी नेसून नाचणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही तसं म्हणतो. “बिचारे डबा ठेवायला वाकले होते. मला बघून इतके दचकले, हात जोडून उलटे-उलटे चालत गेले गेटपर्यंत. म्हणाले, नाही नाही, तुम्ही आराम करा.”

तिचं हसणं थांबलं तेव्हा ती रडत नव्हती. मला वाटलं होतं रडेल.

“माझी आई कशी गेली,” ती म्हणाली, “हे मी अजून एका माणसाला पहिल्यापासून सांगितलेलं नाही. नवऱ्याला सगळं माहीतच आहे. भाऊ तिथेच होता. तिकडचे नातेवाईक फोनवर मलाच समजवायचे. इथे प्रत्येक जण म्हणतो, काही लागलं तर सांग. मला काय लागत होतं? कोणीतरी येऊन बसायला हवं होतं.”

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं, तेही लिहिते. मला वाटलं, ऑनलाइन शोकसभा ठेवता येईल. रविवारी, चाळीस मिनिटं, कोणी कोणी बोलायचं ते आधी ठरवून. मी म्हणालेही, “आपण मंडळातर्फे एक—”

“तू काही अरेंज करू नकोस,” ती म्हणाली.

खिशातला कागद माझ्या बोटांना लागत होता. त्यावर या प्रसंगाला चालेल असं काहीही लिहिलेलं नव्हतं. मला फक्त दोन शब्द विचारायचे होते, जे आमच्या आळीतल्या कुठल्याही बाईने पहिल्या दिवशी दारातून आत येताच विचारले असते. इतक्या उशिरा ते तोंडातून निघताना मला इतकी लाज वाटत होती की मी तिच्याकडे न बघता, गवताकडे बघत विचारलं.

“कसं झालं?”

“आत्ता विचारतेस?”

“हो.”

आम्ही अख्खी एक फेरी काही न बोलता चाललो. मला वाटलं ती सांगणार नाही, आणि तिला तो हक्क होता. मग गोलपोस्टपाशी ती बोलायला लागली.

“पाडव्याला तिने श्रीखंड केलं होतं. चक्का घरी बांधला होता, नेहमीसारखा. आणि खाल्लं तर म्हणे वेलचीच लागत नाही. तिला वाटलं वेलची जुनी झाली. शेजारच्या काकूंकडे वाटी पाठवली, बघा हो, वास येतो का. त्या म्हणाल्या, अहो, केवढी घातलीय, नुसता घमघमाट सुटलाय...”

ती सांगत राहिली. वेलचीपासून तापापर्यंत, तापापासून भावाच्या गाडीपर्यंत, एका हॉस्पिटलच्या दारातून दुसऱ्या हॉस्पिटलच्या दारापर्यंत. आईने बेडवरून नर्सला विचारलं होतं, तुझं जेवण झालं का. स्मशानात भावाच्या मित्राने फोन धरला होता, पण तो दमला की फोन खाली जायचा, आणि मग तिला बराच वेळ नुसती जमीन आणि त्याचे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले बूट दिसत राहायचे. मध्ये एकदा मी “हे शुक्रवारी ना?” असं विचारलं. सवय. तिने नुसतं पाहिलं आणि मी पुन्हा तोंड उघडलं नाही. काही ठिकाणी ती मागे जाऊन पुन्हा सांगायची. काही ठिकाणी तिला आठवायचं नाही आणि ती थांबायची. मला वाटायचं, इथे काहीतरी म्हणायला हवं. काही सुचत नव्हतं, आणि ती वाट बघतही नव्हती.

अंधार पडायला आला. मी तिच्या गेटपर्यंत गेले. आपल्याकडे अशा घरातून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत, म्हणून मी काही न बोलता उभी राहिले. तीच म्हणाली, “आपलं पूर्वीसारखं होईल का, मला माहीत नाही.”

“बरं,” मी म्हणाले. वरच्या खिडकीत वेण्या दिसल्या. मी चालत घरी गेले.

पुढच्या शनिवारी गोष्ट पुरी केली. अंडं फुटलं होतं, असं सांगितलं. वॉलबी परत गेला, टिटवी खूप ओरडली, आणि तो तिथेच बसून राहिला.

“देन?” मांजरवाला म्हणाला.

“मग काही नाही. ती ओरडत होती, तो ऐकत होता.”

“दॅट्स इट? बोरिंग.”

मैत्रिणीची मुलगी म्यूटवर होती. ती काही म्हणाली नाही, पण शेवटपर्यंत बसली.

त्यानंतर लॉकडाउन संपेपर्यंत आम्ही कितीदा तरी चाललो. तिला हवं तेव्हा, ती कळवेल तेव्हा. आईची हकीकत तिने मला आणखी दोनदा पहिल्यापासून सांगितली. कधी ती माझ्यावर चिडायची, काही कारण नसताना, किंवा असताना. कधी आम्ही ऑफिसच्या गप्पा मारायचो आणि पूर्वीसारखं वाटायचं. मग मी सहज काहीतरी सुचवायचे, हे असं कर, त्याला ईमेल टाक, आणि ती “बघते” म्हणायची. पूर्वी ती कधी “बघते” म्हणायची नाही.

सीमा उघडल्या आणि पुढच्या वर्षी ती आईच्या वर्षश्राद्धाला साताऱ्याला गेली. कधी जायचं, किती दिवस राहायचं, मुलीची शाळा बुडवायची का, कुठल्या विमानाने, यातलं काही तिने मला विचारलं नाही. सगळं ठरल्यावर सांगितलं. माझ्या डोक्यात लगेच प्रश्न तयार झाले, आणि ते मी तिथेच ठेवले. एवढंच म्हणाले, “एअरपोर्टला सोडू?”

“सोड,” ती म्हणाली.

गाडीत मुलगी सतत बोलत होती, साताऱ्यात माकडं आहेत का, मामाकडे वायफाय आहे का. मैत्रीण खिडकीबाहेर बघत होती. टर्मिनलपाशी मी बॅगा उतरवून दिल्या. एकीचं वजन नक्की जास्त होतं, माझ्या हाताला कळलं. मी काही बोलले नाही. तिने ट्रॉलीवर बॅगा रचल्या, माझ्याप्रमाणे मोठी खाली नाही, तर तिच्या पद्धतीने, आणि दोघी आत गेल्या.

परतीची तारीख मला माहीत नव्हती. मी विचारली नव्हती.